पारव्याचा दुसरा पत्ता

१

लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आधी सगळी बटणं दाबतो, मग दार बडवतो, मग नशिबाला शिव्या देतो आणि सगळ्यात शेवटी त्याला घंटीचं पिवळं बटण दिसतं. ते दाबलं की फोन वाजतो आमच्या ऑफिसात. मैनाताई तो उचलते, "मदत केंद्र, बोला, घाबरू नका," म्हणते आणि मिस्त्री पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहते. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण असा गोड आवाज असल्यावर खऱ्या नावाची चौकशी कोण करतो?

ही घंटी मैनाताईपर्यंत पोचवायचं काम माझं. मी या लिफ्ट कंपनीचा नेटवर्कवाला. लिफ्टमधल्या घंटीच्या डब्याला मैनाताईच्या फोनचा पत्ता ठाऊक नसतो, फक्त नाव ठाऊक असतं: 'मदत'. तो आमच्या सर्व्हरला विचारतो, बाबा रे, मदत कुठे राहते? सर्व्हर पत्ता सांगतो आणि फोन वाजतो. कुठली लिफ्ट बोलतेय तेही तोच मैनाताईच्या फोनवर दाखवतो. याला डीएनएस म्हणतात. गेटवरचा वॉचमन समजा, ज्याला सगळ्यांची नावं आणि दारं पाठ आहेत. लिफ्टची नावं माझ्या आधीच्या माणसानं पक्ष्यांवरून ठेवली होती, कारण आकड्यांत गोंधळ व्हायचा. बगळा, टिटवी, सुतार. मी राहतो त्या इमारतीतली लिफ्ट म्हणजे पारवा.

असा वॉचमन ऑफिसात एकच होता. दुसरा ठेवा, एक आजारी पडला तर दुसरा उभा राहील, असा लकडा मी मालकांच्या मागे लावला होता. ते म्हणायचे, "चाललंय ना? मग?" एका दुपारी त्या सर्व्हरचा पंखा अडकला, सर्व्हर तापून बसला आणि सगळ्या लिफ्ट मुक्या झाल्या. नेमकी त्याच दुपारी पारवा पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. आत माझी आई होती, एकटी.

शेजाऱ्यांना ठोकण्याचा आवाज आला तेव्हा ऊन उतरलं होतं. मिस्त्रीनं दार उघडलं. आई रडलेली वगैरे नव्हती. मला बघून म्हणाली, "ती बाई फार चांगली होती."

"कुठली बाई?"

"फोनवरची. सारखी बोलत होती माझ्याशी."

मैनाताईचा फोन त्या दुपारी एकदाही वाजला नव्हता. मी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, आधी तू जा."

घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. मी तिचा हात धरला आणि आम्ही जिन्यानं वर गेलो.

२

वडील गेल्यापासून सहाव्या मजल्यावर आम्ही दोघंच. आईचे गुडघे कामातून गेलेले, त्या दिवशी ती वर चढली तेव्हा माझ्या नाकी नऊ आले. खाली उतरायचं तर लिफ्टशिवाय उपाय नाही, आणि आई लिफ्टच्या दारापर्यंत जायची, आत बघायची आणि मागे फिरायची.

"जागा नाही," म्हणायची.

"अगं, रिकामी आहे."

"दिसतंय मला. जागा नाही."

तसं नीट काही तिला दिसतही नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती आणि आता चालढकल केली तर उजवा डोळा हातचा जाईल असं बजावलं होतं. खुर्चीत बसवून चौघांनी उतरवू म्हटलं, तर म्हणाली, "मी काय कपाट आहे?"

हा टोला ऐकून मला जरा बरं वाटलं, कारण त्या दुपारपासून ती फार शहाण्यासारखी वागत होती. आधी आमच्या घरात सकाळ झाली की भांडण व्हायचं. ओला टॉवेल, चालू राहिलेला दिवा, माझं लग्न न होणं, कशावरूनही. आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला "ठोंब्या". मी चाळिशी ओलांडली तरी ठोंब्याच. आता ती मला "बाळ" म्हणायची आणि टॉवेल स्वतः उचलून वाळत घालायची. धक्का बसलाय, उतरेल, असं मी धरून चाललो.

आणखी एक गोष्ट होती, पण तिचा नि आईचा संबंध मी लावला नाही. पारवा म्हणजे जुनी, जेमतेम दोन माणसांची लिफ्ट. शेजारचे काका आणि मी एकदम चढलो की वजन जास्त झाल्याचा भोंगा वाजायचा. काका मला वजनावरून चिडवायचे, मी त्यांना. मिस्त्रीनं वजनाचा काटा दोनदा तपासला. काटा चोख होता.

मी आईला शब्द दिला. "दुसरा सर्व्हर बसवतो. एक बंद पडला तरी घंटी वाजणारच. तुझ्यासमोर वाजवून दाखवतो. मग तरी येशील?"

"बघू," आई म्हणाली.

मी मनाशी म्हटलं, बघू नाही. येशील.

३

मालकांना आता नाही म्हणायला तोंड नव्हतं, पण नवीन यंत्र घ्यायलाही हात सैल होईना. पहिल्याचा पंखा बदलून तो पुन्हा चालू केला होता; दुसऱ्यासाठी हिशेबनीसांचा जुना कॉम्प्युटर मिळाला. कोल्हा काकडीला राजी. मागच्या खोलीत, जिथे जुनी पॅनेलं आणि झिजलेल्या दोरांची भेंडोळी पडलेली असतात, तिथे मी टेबल पुसून तो मांडला. ब्रशनं धूळ काढली, नवा पंखा घातला. खोलीला उंचावर एक झरोका आहे, त्यातून दुपारभर उजेड येतो. पंख्याचा आवाज मंद आणि एकसारखा येत होता. लिफ्टच्या छतातला पंखा करतो तसाच, हे मला नंतर जाणवलं.

काम सरळ आहे. पहिल्याला सांगायचं, तुझ्याकडची नावं या दुसऱ्याला दे. दुसऱ्याला सांगायचं, स्वतःचं डोकं चालवू नकोस, पहिल्याची नक्कल ठेव. मग प्रत्येक लिफ्टच्या डब्याला सांगायचं, पहिला बोलला नाही तर दुसऱ्याला विचार. मी नावामागून नाव विचारून पाहिलं. दुसरा पोपटासारखा बोलला.

मग मी पहिल्याची केबल उपटली.

चाचणीसाठी ऑफिसच्या भिंतीवर लिफ्टच्या बटणांची एक पट्टी लावलेली आहे. तिच्यावरची घंटी दाबली. मैनाताईचा फोन वाजला.

"मदत केंद्र, बोला, घाबरू नका."

"मी कसला घाबरतोय? चहा सांग."

मालक केबिनमधून बाहेर येऊन हसले. माझी छाती फुगली. मैनाताईनं फोन ठेवला, आणि तो लगेच पुन्हा वाजला.

"पारवा," तिनं वाचून दाखवलं. मग बोलत राहिली, "आवाज येतोय का? कोणी अडकलंय का? बोला ना." तिनं रिसीव्हर माझ्याकडे केला. पंख्याची घरघर येत होती आणि कोणीतरी श्वास घेत होतं. मग फोन कट झाला.

मी आमच्या इमारतीच्या वॉचमनला फोन लावला. लिफ्ट खाली होती, दार उघडं, आत कोणी नाही. केबल परत लावली, तर शांत. उपटली, तर थोड्या वेळानं पारवा पुन्हा वाजली.

"बटण अडकलं असेल," मालक म्हणाले. मीही तेच म्हणालो.

४

अडकलेलं बटण केबल बघून वाजत नाही, हे मला कळत होतं. मी मागच्या खोलीत जाऊन बसलो आणि दोघांनाही एकच प्रश्न विचारला: पारवा कुठे आहे?

पहिल्यानं एक पत्ता सांगितला. दुसऱ्यानं दोन.

कॉपी करणाऱ्या पोराच्या पेपरात शेजाऱ्यापेक्षा एक उत्तर जास्त निघालं तर मास्तर काय म्हणेल? मी म्हटलं, चूक माझीच. दुसऱ्याकडचं सगळं पुसलं आणि पहिल्याकडून नव्यानं नक्कल घेतली. पुन्हा दोन पत्ते. पहिल्याच्या पोटात शोधशोध शोधलं, तिथे या जास्तीच्या पत्त्याचा मागमूस नव्हता. तो पत्ता आम्ही कोणाला दिलाच नव्हता.

मग मी त्या पत्त्याला हाक दिली. प्रत्येक यंत्राला अशी हाक देता येते. असेल तर ते 'आहे' म्हणतं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या लिफ्टला उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो. या पत्त्याला लागला नाही. हाक जायच्या आधीच कोणीतरी दाराशी येऊन थांबल्यासारखं उत्तर आलं. आहे.

पत्ता पुसून टाकणं सोपं होतं. पण आईचं ऑपरेशन तोंडावर आलेलं, आणि ज्या लिफ्टचा मला भरवसा नाही तिच्यात मी तिला चढवणार नव्हतो. मिस्त्रीकडून किल्ली घेतली, पहिल्याची केबल मुद्दाम काढून ठेवली आणि भर दुपारी घरी निघालो.

५

पारव्याच्या आत मागच्या भिंतीला आरसा आहे, बाजूंना स्टीलचा पत्रा आणि दाराला काचेची एक उभी पट्टी. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये मी किल्लीनं लिफ्ट थांबवली. काचेपलीकडे नुसती भिंत. घंटीचं झाकण उघडलं. एक डबा, एक वायर, एक पत्ता. बटण मोकळं होतं, अडकलेलं बिलकूल नव्हतं.

मैनाताई मोबाईलवर होती. म्हणाली, "पारवा वाजतेय. तूच दाबलंस ना?"

"माझा हात खिशात आहे."

"उचलू?"

"उचल. आणि मोबाईल रिसीव्हरजवळ धर."

आधी पंख्याची घरघर आली. माझ्या डोक्यावर चालली होती तीच. मग खोकला. तो खोकला मी झोपेतही ओळखला असता.

"ठोंब्या? किती वेळ लावशील रे? पाय भरून आले माझे."

माझ्या तोंडून "आई" निघून गेलं. आणि ती माझी हाक मला मोबाईलमधून ऐकू आली. मी मोबाईलमध्ये बोललो म्हणून नव्हे. तिच्या बाजूनं, तिच्या अगदी जवळ कोणी बोलावं तशी.

"मग कोण?" ती म्हणाली. "सरक जरा. केव्हाची अंग चोरून उभी आहे मी."

आरशात मी एकटा होतो. तरीही मी सरकलो. कोपऱ्यात पाठ पत्र्याला लावून उभा राहिलो आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिलो. मला भीती वाटत होती आणि तिच्याहून जास्त लाज वाटत होती. इतके दिवस मी रोज याच लिफ्टमधून शीळ घालत वर-खाली केलं होतं.

फोन कट झाल्यावर मैनाताई रडत होती. "तो दुसरा पत्ता पुसून टाक रे. पाया पडते."

"पुसला तर ती फोन कुठून करणार?" मी म्हणालो. "ऐक. पहिल्याला हात लावायचा नाही. केबल तशीच राहू दे. मालकांना सांग, दुसऱ्याची चाचणी चालू आहे."

६

मी किल्ली फिरवून वर आलो. आई स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून माझ्या शर्टाचं बटण चाचपत शिवत होती. इतकं कमी दिसत असताना.

"ऐकलंस तिला," ती म्हणाली.

मी दारातच उभा राहिलो. गोधडीसारखी ऊब असलेली ही बाई गेले कित्येक दिवस मला जेवायला वाढत होती आणि तिला विचारायचा प्रश्न माझ्या जिभेवर येईना.

"मी आईच आहे रे तुझी," तीच म्हणाली. "तुला गोवर आला तेव्हा उशाशी बसले होते, ते आठवतं मला. तुझा हात जिन्यात मोडला तेही आठवतं. तिलाही आठवत असेल."

"मला ठोंब्या का नाही म्हणत मग?"

"ते तिचं आहे. मी घेतलं नाही." तिनं दोरा दातानं तोडला. "त्या दिवशी ती म्हणाली, आधी तू जा. मी आले. पण पाळी चुकते का कोणाची?"

"कोणी कुठे जायचं नाही," मी ओरडलो. "मी बघतो काय करायचं ते. सर्व्हर माझा आहे, पत्ते माझे आहेत."

"बघ हं," आई म्हणाली. तिच्या आवाजात चेष्टा होती, अगदी पहिल्यासारखी, आणि मला रडू कोसळलं. तिनं मला रडू दिलं. मग शर्ट माझ्या हातात ठेवून म्हणाली, "ऑपरेशनच्या दिवशी खाली उतरायचं ठरलंय ना? उतरू."

त्यानंतर रोज दुपारी पारवा वाजायची आणि फोन मी घ्यायचो. ती म्हणायची, अंधार नाही, पण गार आहे. भिजलेल्या टॉवेलवरून मला झापायची. मी विचारायचो, दार कसं उघडू? ती म्हणायची, "ते मला काय विचारतोस, ठोंब्या? लिफ्टवाला तू आहेस."

मला जे जे येत होतं ते मी केलं. डबा बदलला, वायर बदलली, तिसऱ्या एका कॉम्प्युटरवर नक्कल घेऊन पाहिली. तिथेही दोन पत्ते आले. उघडणारं दार मात्र कुठे सापडलं नाही.

७

ऑपरेशनच्या दिवशी आईनं गॅस बंद केला, पिशवी भरली, करडा स्वेटर चढवला आणि माझ्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली. लिफ्ट आली. मी आत शिरून कोपऱ्यात सरकलो आणि तिला हात दिला.

तिनं एक पाय आत टाकला आणि भोंगा वाजला.

पाय मागे घेतला, भोंगा थांबला. दोन माणसांची लिफ्ट. आम्ही दोघंच.

"सांगत होते ना," आई म्हणाली. "बाहेर हो तू."

"नाही होणार."

"आईचं ऐकावं."

"मी तुला एकटी सोडणार नाही."

"एकटी कुठे आहे?"

ती वाट बघत उभी राहिली. तिला दिसत नव्हतं, तरी माझ्या तोंडाकडे बरोबर बघत होती. खाली टॅक्सी थांबली होती, दवाखान्यात वेळ दिलेली होती, आणि ते सगळं क्षुल्लक होतं. मला माहीत होतं की मी बाहेर पाऊल टाकलं तर काय होईल, आणि नाही टाकलं तर एक बाई तशीच अंग चोरून उभी राहील. मी बाहेर आलो. आईनं माझ्या गालाला हात लावला आणि आत गेली. भोंगा वाजला नाही.

दार लागलं. काचेच्या पट्टीतून मला पांढऱ्या केसांचे दोन अंबाडे दिसले. मागे आरसा आहे, तेव्हा एका बाईच्या दोन बायका दिसायच्याच. लिफ्ट खाली सरकली आणि मी जिना उतरू लागलो, आणि पाचव्या मजल्यावर माझ्या लक्षात आलं की पाठमोऱ्या बाईचा आरशात चेहरा दिसायला हवा. मला दोन्ही पाठमोऱ्या दिसल्या होत्या.

पाचव्या आणि चौथ्याच्या मध्ये लिफ्ट थांबली. मी जिन्याच्या भिंतीला कान लावला. आतून बोलणं येत होतं, शब्द कळत नव्हते; बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका घाईघाईत बोलतात तसं. एकदा कोणीतरी हसलं. मग दोर ताणले गेले आणि लिफ्ट निघाली. मी तीन-तीन पायऱ्या उड्या मारत खाली पोचलो.

दार उघडलं. आई एकटी बाहेर आली. डोळे बारीक करून म्हणाली, "ठोंब्या, पिशवी धर. आणि हा शर्ट इस्त्री न करता घातलास?"

तिच्या अंगावर स्वेटर नव्हता. लिफ्टमध्येही नव्हता.

"गार असतं रे तिथे," ती म्हणाली आणि टॅक्सीकडे निघाली.

८

ऑपरेशन छान झालं. उजवा डोळा वाचला. आता आई पेपर वाचते, माझ्या भांगातले पांढरे केस मोजते आणि सकाळ झाली की टॉवेलवरून भांडण काढते. लिफ्टला ती घाबरत नाही. तिला त्या दिवसांतलं काय आठवतं, ते मी विचारलेलं नाही.

पहिला सर्व्हर आता कायमचा लाव, असं मालक म्हणतात. मी तो लावतो, काढतो, सबबी सांगतो. मैनाताई माझ्या बाजूनं खोटं बोलते. दुसरा बंद पडू नये म्हणून मागच्या खोलीत मी त्याला वेगळी बॅटरी जोडली आहे, आणि झाडूवाल्या मावशींनाही तिथे जाऊ देत नाही.

दुपारी पारवा वाजते. मी फोन घेतो.

"बाळ, जेवलास का?"

"हो, आई. स्वेटर बरा आहे ना?"

"बरा आहे. तिचा डोळा कसा आहे?"

दार कधी उघडणार, असं ती एकदाही विचारत नाही. विचारलं असतं तर काही उत्तर शोधलं असतं. ती फक्त सांगते की आता जेवून घे, उशीर करू नकोस, आणि फोन ठेवते.

आई आणि मी लिफ्टनं एकदम जात नाही. भोंगा वाजतो. लिफ्ट आली की मी म्हणतो, "आधी तू जा," आणि आई माझ्याकडे एकदा नीट बघून आत जाते. लिफ्ट परत येते. मी आत शिरतो आणि कोपऱ्यात सरकून उभा राहतो.